आइसलँडची प्रदक्षिणा: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि तिथे राहणारी माणसे चार लाखांच्या आसपास आहेत. त्यांतील बहुसंख्य राजधानी रेक्याविक आणि तिच्या परिसरात राहतात. उरलेला देश म्हणजे लाव्हाची पठारे, हिमनद्या, काळ्या वाळूची मैदाने आणि किनाऱ्याला धरून असलेली लहान गावे. या सगळ्याभोवती फिरून पुन्हा रेक्याविकला आणून सोडणारा रस्ता म्हणजे एक नंबरचा महामार्ग. स्थानिक लोक त्याला ‘ह्रिंगवेगुर’, म्हणजे वर्तुळमार्ग म्हणतात. त्याची लांबी सुमारे १,३२० किलोमीटर आहे आणि तो १९७४ साली, दक्षिणेकडील हिमनदीच्या वाळवंटावर पूल बांधून झाल्यावर पूर्ण झाला. पूर्वेकडचा शेवटचा खडीचा तुकडा २०१९ मध्ये डांबरी झाल्यामुळे आता हा संपूर्ण रस्ता साध्या मोटारीने पार करता येतो.

मुंबई ते दिल्ली हे अंतर याहून जास्त आहे आणि आपण ते दोन दिवसांत कापतो, मग इथे दहा दिवस कशाला, असा प्रश्न नियोजन करताना हमखास निघतो. आमच्या घरातही तो निघाला होता. याचे उत्तर असे की आइसलँडमध्ये प्रवासाचा वेग किलोमीटर ठरवत नाहीत, तर वारा ठरवतो. ज्या दिवशी वारा रस्ता बंद करतो त्या दिवशी तुमची मोटार, तुमचे आरक्षण आणि तुमचा उत्साह यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचनेच्या मुळाशी एकच आग्रह आहे: कार्यक्रमात मोकळे दिवस ठेवा आणि आल्या वाटेने परत फिरण्याची तयारी पहिल्या दिवसापासून मनाशी असू द्या.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी महिना ठरवावा. प्रथमच जाणाऱ्यांनी जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जूनमध्ये सूर्य नावापुरताच मावळतो आणि मध्यरात्रीही वाचता येईल इतका उजेड असतो, त्यामुळे पोहोचायला उशीर झाला तरी अंधारात गाडी चालवण्याची वेळ येत नाही. उत्तरप्रकाश पाहण्यासाठी मात्र रात्र काळोखी लागते, म्हणून ज्यांना तो पाहायचाच आहे त्यांनी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. डिसेंबरात रेक्याविकला दिवसाचे जेमतेम चार-पाच तास उजेड असतो आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ जमतो. बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभव नसलेल्या माणसाने त्या काळात प्रदक्षिणा करू नये. तेव्हा जायचेच असेल तर रेक्याविकला मुक्काम करून स्थानिक चालकाच्या बसने सहली कराव्यात.

आइसलँड युरोपीय संघात नाही, परंतु शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. वाटेत फ्रँकफर्ट, कोपनहेगन किंवा हेलसिंकीला विमान बदलले तरी सर्वाधिक रात्री आइसलँडमध्ये असतील, तर अर्ज आइसलँडसाठीच करावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात गर्दी असल्याने तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक आहे. भारतातून थेट विमान नाही. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम वेगळे आहेत हे लक्षात घेऊन ते तिकीट काढण्याआधी तपासावेत.

वाहन परवाना इंग्रजी लिपीत, छायाचित्रासह आणि मुदतीत असेल तर तो तिथे चालतो, तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून तो मूळ परवान्यासोबत ठेवावा. मोटार भाड्याने देणाऱ्या काउंटरवर त्याने बरेच प्रश्न टळतात.

मोटार निवडताना

आइसलँडमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते. भारतात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाचा डावा हात गिअर शोधत दाराच्या कडीवर आपटत राहतो, त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरची गाडीच घ्यावी. पहिले दोन दिवस शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे. चूक भर रहदारीत होत नाही. ती होते मोकळ्या रस्त्यावर, फोटो काढून पुन्हा गाडीत बसल्यावर, कारण तेव्हा हात आपल्या जुन्या सवयीने गाडी डावीकडे नेतात.

उन्हाळ्यात केवळ वर्तुळमार्गासाठी चारही चाकांना जोर असलेली गाडी आवश्यक नाही. मात्र ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे अंतर्भागातील पहाडी रस्ते कायद्याने अशा गाडीसाठीच राखून ठेवलेले आहेत, साधारणपणे जूनअखेर किंवा जुलैत उघडतात आणि त्यांवर पुलांविना नद्या ओलांडाव्या लागतात. नदीच्या पाण्याने झालेले नुकसान बहुतेक विम्यांत धरले जात नाही. पहिल्या फेरीत हे रस्ते सोडून द्यावेत. रस्ता सोडून गाडी मातीवर, वाळूवर किंवा शेवाळावर घालणे हा तर गुन्हाच आहे आणि त्याचा दंडही जबर आहे. चाकाने उखडलेले शेवाळ तिथल्या थंडीत पुन्हा वाढायला कित्येक दशके लागतात. लाव्हाच्या मैदानावर असे दोन समांतर काळे ओरखडे पाहिले की ते कुणाच्या पाच मिनिटांच्या हौसेचे आहेत, या विचाराने वाईट वाटते.

विम्याच्या कागदावर तीन गोष्टी पाहाव्यात: उडणाऱ्या खडीने काच फुटण्याचे संरक्षण, वाळू आणि राखेच्या वादळाने रंग खरवडला जाण्याचे संरक्षण, आणि वाऱ्याने दार उलटे फिरून तुटल्यास काय होते याचा उल्लेख. पहिली दोन जास्तीचे पैसे भरून मिळतात. तिसरे बहुधा मिळत नाही, आणि नेमके तेच नुकसान नवख्यांच्या हातून होते. म्हणून गाडी उभी करताना तिचे तोंड वारा जिकडून येतो त्या बाजूला करावे, एका वेळी एकच दार उघडावे आणि ते उघडताना हाताने घट्ट धरून ठेवावे. मागच्या सीटवरील मुलांनी मोठ्यांना विचारल्याशिवाय दार उघडायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच सांगून ठेवावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, काचेचे, टायरच्या चकत्यांचे आणि छताचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे.

रस्त्याचे नियम आणि रस्त्याची भाषा

वेगाची मर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८० आणि वस्तीत ५० असते. खडीवर ८० हा परवानगीचा आकडा आहे, तो शहाणपणाचा आकडा नव्हे. डांबर संपून खडी सुरू होते त्या जागी ‘मालबिक एन्दार’ अशी पाटी असते, तिथे वेग निम्मा करावा, कारण नवख्यांच्या गाड्या घसरून उलटतात त्या बहुधा अशाच ठिकाणी. समोरून गाडी येताना दिसली की वेग आणखी कमी करावा, म्हणजे दगड उडून काच फुटत नाही. दिवसाही हेडलाइट चालू ठेवणे बंधनकारक आहे. मद्याची मर्यादा इतकी कमी आहे की चालकाने एक थेंबही घेऊ नये.

‘एइन्ब्रेय्द ब्रू’ म्हणजे एकेरी पूल. वर्तुळमार्गावर, विशेषतः दक्षिण आणि पूर्व भागात, असे पूल अजूनही आहेत. जो पुलाजवळ आधी पोहोचतो तो आधी जातो, पण समोरच्याचा वेग पाहूनच पुलावर चढावे आणि शंका असेल तर थांबावे. ‘ब्लिन्दहैद’ म्हणजे पलीकडचे काही दिसत नाही असा चढ. तिथे उजवी कड धरून हळू जावे. दोन मार्गिकांच्या चौफुली-वर्तुळात आतल्या मार्गिकेतून बाहेर पडणाऱ्याला बाहेरच्या मार्गिकेतील वाहनाने वाट द्यायची असते, ही तिथली खास पद्धत आहे आणि ती माहीत नसल्याने पाहुण्यांच्या गाड्या घासल्या जातात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मेंढ्या मोकाट चरत असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले, तर ते कोकरू गाडीसमोरून धावणारच, असे धरून चालावे.

नावांची भीती वाटू नये म्हणून शेवटचा तुकडा ओळखायला शिकावे. ‘फॉस’ म्हणजे धबधबा, ‘योकुल’ म्हणजे हिमनदी, ‘विक’ म्हणजे खाडी, ‘वाट्न’ म्हणजे पाणी किंवा तलाव, ‘सान्दुर’ म्हणजे वाळूचे मैदान, ‘हेइदी’ म्हणजे उंचावरचे उघडे पठार. हवामान बिघडलेले असताना रस्त्याच्या नावात ‘हेइदी’ दिसले की तो घाटमाथा आहे आणि तिथे वारा खालच्यापेक्षा जास्त असणार, हे लगेच कळते.

रोज सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी तीन संकेतस्थळे पाहावीत: हवामानासाठी ‘वेदुर डॉट आयएस’, रस्त्यांच्या स्थितीसाठी ‘उम्फेर्दिन डॉट आयएस’ आणि सुरक्षिततेच्या सूचनांसाठी ‘सेफट्रॅव्हल डॉट आयएस’. शेवटच्या ठिकाणी आपला प्रवासाचा बेत नोंदवूनही ठेवता येतो. वाऱ्याचा वेग तिथे मीटर प्रतिसेकंदात देतात, त्या आकड्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. सेकंदाला १५ मीटर वारा असेल तर आत झोपण्याची सोय असलेली उंच कॅम्पर गाडी चालवू नये, आणि २० मीटरच्या पुढे गेला तर साध्या मोटारीनेही मुक्काम हलवू नये. इशारे पिवळा, केशरी आणि लाल अशा चढत्या क्रमाने असतात. केशरी इशाऱ्याच्या दिवशी जिथे आहोत तिथेच राहावे. आम्ही हॉफ्न गावात असाच एक दिवस खिडकीतून बंदर पाहत काढला. संध्याकाळी एक जोडपे पोहोचले, तेव्हा त्यांच्या गाडीची एक बाजू वाळूने घासून पांढरी पडली होती.

आपत्तीत ११२ हा क्रमांक फिरवावा. बर्फात, दरीत किंवा समुद्रकिनारी शोधायला येणारी पथके बहुतांशी स्वयंसेवकांची असतात. आपापली नोकरी, शेती, मासेमारी सोडून ही माणसे बाहेर पडतात, म्हणून बंद रस्त्याचा अडसर वळसा घालून ओलांडणे म्हणजे त्यांचाही जीव धोक्यात घालणे आहे.

दिशा आणि दिवस

देवाची प्रदक्षिणा आपण उजवा हात आत ठेवून करतो. इथे मी त्याच्या उलट, म्हणजे रेक्याविकहून आधी दक्षिणेला आणि मग पूर्व, उत्तर असे जाण्याचा सल्ला देतो. कारण व्यवहाराचे आहे. दक्षिण किनारा सर्वांत समृद्ध आहे, आणि पुढे कुठे रस्ता तुटला तर त्याच वाटेने परत येतानाही तो पाहून समाधान होते. रस्ता तुटणे ही कल्पना नव्हे. जुलै २०११ मध्ये काटला ज्वालामुखीच्या बाजूने आलेल्या पुराने दक्षिण किनाऱ्यावरील विक गावाजवळच्या मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला आणि ऐन पर्यटनाच्या हंगामात वर्तुळ साधारण आठवडाभर तुटलेले राहिले. नवा तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत मोठ्या ट्रकांवर चढवून गाड्या नदीपार नेल्या जात होत्या.

एकूण दहा रात्री हे किमान धरावे, बारा असतील तर उत्तम. सात दिवसांत वर्तुळ पूर्ण करणारे लोक भेटतात, परंतु त्यांच्या आठवणीत गाडीची काच जास्त आणि देश कमी असतो. मुक्कामाची आरक्षणे शक्यतो विनाशुल्क रद्द करता येतील अशी घ्यावीत आणि पूर्वेकडील गावे व उत्तरेकडील मिवाट्न तलावाचा परिसर यांची सर्वांत आधी करावीत, कारण तिथे खोल्या थोड्या आहेत. कॅम्पर गाडीत झोपणार असाल तर नियमित कॅम्पस्थळीच थांबावे. वाटेल तिथे रस्त्याकडेला रात्र काढायला परवानगी नाही.

पहिला दिवस केफ्लाविक विमानतळ ते रेक्याविक एवढाच, म्हणजे पन्नासएक किलोमीटर ठेवावा. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, अनोळखी बाजूने चालणाऱ्या रस्त्यावर, याहून जास्त गाडी चालवू नये. विमानतळ ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर आहे तिथे २०२१ पासून एकामागून एक उद्रेक झाले आहेत आणि ग्रिन्दाविक हे मासेमारीचे गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामे करावे लागले. तिथल्या ब्लू लगून या गरम पाण्याच्या तलावाचे आरक्षण केले असेल तर आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी परिस्थिती तपासावी. थंड दिसणाऱ्या ताज्या लाव्हावर कधीही पाय ठेवू नये, वरची साय पातळ असू शकते.

दुसऱ्या दिवशी थिंगवेत्लिर, गेय्सिर आणि गुल्फॉस ही तीन ठिकाणे करून दक्षिणेला सेल्फॉस किंवा हेत्ला गावाजवळ मुक्काम करावा. थिंगवेत्लिर येथे इ.स. ९३० पासून आइसलँडची लोकसभा उघड्यावर भरत असे, आणि तिथेच उत्तर अमेरिकी व युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकताना झालेल्या भेगांमधून चालता येते. गेय्सिर या उसळत्या गरम झऱ्याच्या जागेवरूनच इंग्रजीत आणि आपल्याकडेही ‘गीझर’ हा शब्द आला. मूळ गेय्सिर आता क्वचित उडते, पण शेजारचे स्त्रोक्कुर दर काही मिनिटांनी उसळते.

दक्षिण किनारा: इथे घाई करू नये

तिसरा आणि चौथा दिवस दक्षिणेचे. सेल्यालांड्सफॉस हा सुमारे ६० मीटर उंचीचा धबधबा आहे आणि त्याच्या मागून चालत जाता येते. तिथे छत्रीचा उपयोग नाही. पावसाळी ट्रेकला वापरतो तो पोंचोही वारा उडवून लावतो, म्हणून जलरोधक जाकीट आणि तशीच पँट हवी. आत लोकरीचा थर आणि त्याच्या आत घाम सुकवणारा थर, अशी तीन थरांची व्यवस्था उन्हाळ्यातही लागते. पुढे स्कोगाफॉस आणि डाव्या हाताला एयाफ्यात्लायोकुल ही हिमनदी दिसते. २०१० मध्ये याच बर्फाखालील ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील विमाने जमिनीवर बसवली होती.

विक गावाजवळ रेनिस्फ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथल्या षटकोनी स्तंभांची भिंत पाहून मुंबईकरांना अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवेल, कारण दोन्ही ठिकाणी बेसाल्ट सावकाश थंड होताना एकाच पद्धतीने तडकला आहे. मात्र हा किनारा देशातील सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट इतरांच्या कितीतरी पुढे येते, पायाखालची वाळू ओढते आणि माणूस परत येत नाही. इथे पर्यटकांचे मृत्यू झाले आहेत आणि त्यांत मुलेही आहेत. समुद्राकडे पाठ करू नये, फोटोसाठी ओल्या वाळूवर उतरू नये, मुलांचा हात सोडू नये आणि इशाऱ्याचा लाल दिवा असेल तेव्हा नेमून दिलेल्या जागेपुढे पाऊल टाकू नये.

विकच्या पुढे रस्ता एल्दह्रौन या लाव्हाच्या मैदानातून जातो. दोन्ही बाजूंना फुगीर, राखाडी-हिरव्या शेवाळाने झाकलेले दगड मैलोगणती पसरलेले असतात. १७८३ च्या जूनमध्ये लाकी येथे जमीन सुमारे २७ किलोमीटर लांब भेगेने फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंनी गवत जळाले, गुरे मेली आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातील सुमारे पाचवा हिस्सा माणसे दगावली. आपला सह्याद्री ज्या खडकाचा आहे तोही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः अशाच भेगांमधून बाहेर आला. गडावर चढताना ज्या काळ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांकडे आपण फक्त इतिहास म्हणून पाहतो, त्यांचा जन्म कसा झाला असेल हे इथे गाडी थांबवून पाहता येते. या भागात थांबण्यासाठी ठरावीक जागा आहेत, तिथेच थांबावे. रस्त्याच्या कडेवर गाडी उभी करणे मागून येणाऱ्यासाठी जीवघेणे ठरते.

त्यानंतर येतो स्केयदारारसान्दुर, हिमनद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा विस्तीर्ण पट्टा. १९७४ मध्ये वर्तुळ जोडणारा लांब पूल इथलाच. १९९६ च्या शरद ऋतूत वाट्नायोकुल हिमनदीखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी आठवडे साठत राहिले आणि नोव्हेंबरात ते घराएवढे हिमखंड घेऊन बाहेर पडले. अशा पुराला तिथे ‘योकुलह्लौप’ म्हणतात. स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेला त्या पुराने पिळवटलेल्या पुलाच्या तुळया ठेवल्या आहेत. बहुतेक गाड्या तिथून न थांबता जातात, पण माझ्या मते ही जागा कोणत्याही धबधब्याइतकीच महत्त्वाची आहे, कारण इथल्या माणसांना रस्ता बंद करण्याचा अधिकार इतक्या सहज का पटतो ते त्या वाकलेल्या लोखंडाकडे पाहून कळते. वाऱ्याच्या दिवशी वाळूची वादळे उठतात तीही याच पट्ट्यात.

स्काफ्ताफेल येथे हिमनदीवर चालण्याच्या सहली निघतात. त्या प्रशिक्षित वाटाड्याबरोबरच कराव्यात, एकट्याने बर्फावर पाऊल टाकू नये. पुढे योकुल्सारलोन या सरोवरात हिमनदीचे तुटलेले तुकडे तरंगत असतात आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे जातात. पलीकडच्या काळ्या वाळूवर ते काचेसारखे पडलेले दिसतात. सरोवरातल्या तुकड्यांवर चढू नये, ते क्षणात उलटतात. मुक्काम हॉफ्नच्या आसपास करावा.

पूर्व आणि उत्तर

हॉफ्न ते एगिल्सस्तादिर हे अंतर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांच्या काठाने सुमारे २५० किलोमीटर आहे आणि त्याला पूर्ण दिवस द्यावा. इथे मोबाइलचा नकाशा ‘ओक्सी’ घाटाचा जवळचा रस्ता सुचवतो. तो ९३९ क्रमांकाचा खडीचा, तीव्र चढाचा आणि धुक्याचा रस्ता आहे. हवा स्वच्छ असेल आणि घाटात गाडी चालवण्याची सवय असेल तरच तो घ्यावा, नाहीतर नकाशाचे न ऐकता एक नंबरच्या रस्त्यावरच राहावे. एगिल्सस्तादिरला पहिला मोकळा दिवस ठेवावा. हवा चांगली राहिली तर त्या दिवशी डोंगर ओलांडून सेयदिस्फ्योर्दुर हे बंदर पाहावे, बिघडली तर तोच दिवस हॉफ्नला खर्च होतो आणि पुढचा कार्यक्रम मोडत नाही.

एगिल्सस्तादिरहून मिवाट्नपर्यंतच्या सुमारे १६५ किलोमीटरमध्ये वस्ती जवळपास नाही, त्यामुळे टाकी भरूनच निघावे. बिनमाणसांच्या पंपांवर कार्डाचा पिन विचारला जातो, म्हणून पिन पाठ असलेली दोन वेगवेगळी कार्डे जवळ असावीत. वाटेत देत्तिफॉस हा ४४ मीटर उंच आणि सुमारे १०० मीटर रुंद, हिमनदीच्या गाळाने करडा झालेला धबधबा लागतो. त्याच्या पश्चिमेचा ८६२ क्रमांकाचा रस्ता डांबरी आहे, तो घ्यावा.

मिवाट्नला दोन रात्री राहावे. हे नावच ‘चिलटांचा तलाव’ असे आहे आणि जून-जुलैत चेहऱ्यावर जाळी लावल्याशिवाय काठाने फिरता येत नाही. ह्वेरिर येथे उकळता चिखल आणि गंधकाची वाफ जमिनीतून बाहेर पडते. दोरीच्या आतच चालावे, फिकट रंगाची जमीन वरून टणक दिसली तरी तिच्याखाली उकळते पाणी असते. पश्चिमेला जाताना गोदाफॉस लागतो. इ.स. १००० च्या सुमारास देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आपल्या जुन्या देवांच्या मूर्ती एका सरदाराने या धबधब्यात विसर्जित केल्या, अशी कथा आहे. त्यापुढे अकुरेरीच्या अलीकडे ७.४ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यावर नाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि टोल आपणच ऑनलाइन भरायचा असतो. बऱ्याच धबधब्यांच्या पार्किंगचीही हीच रीत आहे. न भरल्यास ती रक्कम दंडासह गाडी देणाऱ्याकडून आपल्या कार्डावर येते.

अकुरेरी ते रेक्याविक हे जवळजवळ ३९० किलोमीटर एका दिवसात होतात, पण मी बोर्गार्नेसला एक मुक्काम घालून ते दोन दिवसांत करावेत असे सुचवीन.

जेवण, पाणी, पोहणे

शाकाहारी माणसाची गैरसोय शहरात होत नाही, रस्त्यावर होते. पेट्रोल पंपावरील उपाहारगृहात मुख्यतः मटणाची सॉसेजेस आणि बर्गर मिळतात, आणि ‘भाज्यांचे’ सूप मांसाच्या पाण्यात केलेले असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. सामाईक स्वयंपाकघर असलेले मुक्काम निवडावेत. तांदूळ, बटाटे, दही, अंडी, पाव ‘बोनुस’ किंवा ‘क्रोनान’ या दुकानांतून घ्यावेत आणि भाजलेली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दडपे पोह्यांची तयारी घरून न्यावी. कच्चे मांस आणि कच्चे दूध देशात नेता येत नाही. ‘स्कीर’ हा घट्ट, चक्क्याच्या जातीचा पदार्थ आपल्या जिभेला लगेच रुचतो. साखर आणि वेलची घातली की त्याचे चांगले श्रीखंड होते. नळाचे थंड पाणी पिण्यासाठी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत. गरम पाण्याला काही ठिकाणी गंधकाचा वास येतो, त्याने अपाय होत नाही.

गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत आणि दिवसभराच्या वाऱ्यानंतर तिथे जायलाच हवे. तलावात उतरण्यापूर्वी स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या स्नानगृहांत पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ करणे सक्तीचे आहे, कारण पाण्यात जंतुनाशक कमी वापरतात. आपल्याकडच्या अनेकांना याचा संकोच वाटतो. तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि हा नियम मोडणे मात्र सर्वांना खटकते.

परतताना

दुसरा मोकळा दिवस विमानाच्या अगदी आधी, रेक्याविकला ठेवावा. प्रवासात तो वापरला गेला नाही तर शहर पाहण्यासाठी आणि हातविणीचा लोकरी ‘लोपापेय्सा’ स्वेटर घेण्यासाठी तो कामी येतो. खरेदीवरील कर परत मिळवायचा असेल तर दुकानातून अर्ज भरून घ्यावा आणि तो पारपत्रासोबत हाताशी ठेवावा. गाडी परत करण्यापूर्वी विमानतळाच्या वाटेवरच टाकी भरावी, धुळीने माखलेली गाडी पाण्याने धुवावी, म्हणजे नवे-जुने ओरखडे दोघांनाही स्पष्ट दिसतात, आणि पुन्हा एकदा चारही बाजूंचे चित्रण करून, परतीची वेळ लिहिलेली पावती घेऊनच किल्ली द्यावी. टोल आणि पार्किंगच्या पावत्या पुढचे दोन महिने जपून ठेवाव्यात, कारण कार्डावर उशिरा पडणाऱ्या रकमेला हरकत घ्यायची झाली तर त्यांच्याशिवाय दुसरा पुरावा नसतो.